समोरच्यांची वाक्यं

लीड्स, ३ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
वरदाचा सा. न. वि. वि.

ऑपरेशनमध्ये तुमचा आवाज गेला, फोनवर आता आईच बोलते. म्हणून हे पत्र.

टीव्हीवर इतकी वर्षं डॉक्टरीणबाईचीच कामं केली. पन्नाशीत पहिल्यांदा नाटकात मुख्य भूमिका मिळालीय आणि पाठांतर होत नाहीये. शाळेच्या नाटकापासून माझं पाठांतर घेताना समोरच्या सगळ्यांची वाक्यं तुम्हीच वाचलीत, हॅरोच्या घरी किचनमध्ये मेथी निवडता निवडता. राणी असो की दरोडेखोर, सगळे तुमच्या पुणेरी इंग्लिशमध्येच बोलायचे. आता समोरचा नट बोलतो आणि मी तुमच्या आवाजाची वाट बघत गप्प उभी राहते. काल डायरेक्टरने सगळ्यांदेखत विचारलं, झेपेल ना म्हणून.

भूमिका सोडावी असं वाटतंय. खरंच भीती वाटते, बाबा.

तुमची,
वरदा

हॅरो, ७ फेब्रुवारी

चि. वरदा हिस अ. उ. आ.

भूमिका सोडायची नाही. अंगण वाकडं म्हणायला तू काही नवशिकी नाहीस. नाटकाची एक प्रत पाठव. माझा आवाज गेलाय, डोळे शाबूत आहेत.

पहिल्या प्रयोगाला आम्ही दोघं येतो. मला पहिल्या रांगेत बसव, तुला स्टेजवरून दिसेन असा. तुझी आई थालीपिठं आणणार आहे, नको म्हणू नकोस. ती ऐकत नाही आणि मला ओरडता येत नाही.

पाठांतर चालू ठेव. मीही बसतो.

तुझा,
बाबा

लीड्स, १३ मार्च

ती. बाबांस,
सा. न.

नीट पोचलात, हे आईकडून कळलं. परवा प्रयोगानंतरच्या गर्दीत तुमच्याशी धड भेटही झाली नाही.

पहिल्याच प्रवेशात समोरच्याने प्रश्न विचारला आणि मी कोरी झाले. खाली पाहिलं, तर तुमचे ओठ हलत होते. त्याचं वाक्य तुम्ही म्हणत होतात, आवाजाविना. मला ते ऐकू आलं, अगदी पुणेरी इंग्लिशमध्ये, आणि माझं वाक्य आपसूक आलं. नंतर बघायची गरज नव्हती, तरी बघत राहिले.

इंटरव्हलला शेजारच्या बाईंनी तक्रार केली म्हणे, की हे गृहस्थ सारखे पुटपुटतात. आईने त्यांना सांगितलं, की यांचंही काम आहे या नाटकात.

पेपरात माझं कौतुक आलंय, तुमच्याबद्दल अक्षरही नाही. म्हणून मीच लिहिते. समोरच्या चार माणसांच्या भूमिका केल्यात, बाबा, आणि एकही वाक्य चुकला नाहीत.

पहिल्या रांगेतला हा लोभ असाच राहू द्या.

तुमची,
वरदा