एकाच हाताची नोंद

१२ एप्रिल १९५७, शुक्रवार. बेळ्ळंदूर

पोचलो एकदाचा. ट्रंक, वळकटी, चष्म्याची जास्तीची जोडी आणि लेकीने, राजलक्ष्मीने, बळेच कोंबलेला चकल्यांचा डबा, सगळं धड आलं. बसने अगरा गावाजवळ सोडलं, तिथून तळ्याच्या संशोधन केंद्राची जीप. चालवणारा मल्लाप्पा तोंडाने कमी आणि हॉर्नने जास्त बोलतो. तळ्याकाठी असा गार वारा लागला, की पेठेत पत्र्याखाली चाळीस वर्षं कशाला उकडून घेतलं, असं झालं.

छापखान्यात खिळे जुळवण्यात जन्म गेला. शाळेचं तोंड पाहिलं नाही. वाचायला शिकलो ते खिळ्यांच्या उलट्या अक्षरांवरून. पण हजार माणसांची हस्तलिखितं डोळ्यांखालून गेली. आता अक्षर पाहिलं की माणूस समोर उभा राहतो. घाईतला, चिकट, आजारी, कुणाच्या तरी प्रेमात पडलेला.

इथलं काम सोपं आहे. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी रोज किती उतरतं, त्याच्या १९१४ पासूनच्या नोंदी आहेत. त्याचं पुस्तक छापायचंय, त्यासाठी मी वह्यांची स्वच्छ प्रत काढायची. शिवाय दर उन्हाळ्यात कॉलेजची मुलं दोन महिने संशोधन शिकायला येतात, त्यांच्यावर वडीलधारा म्हणून नजर ठेवायची. प्रमुख हयवदनराव अगदी सभ्य गृहस्थ. मोतीबिंदूने दोन्ही डोळे अधू झालेत, तरी हाताला धरून सगळी जागा दाखवली. स्वयंपाकाला अंबुबाई. आपल्याच मराठी लोकांतल्या, जिभेला धार. म्हणाल्या, जीव भरेल इतकं वाढीन, पण पानात टाकलं तर बघा हां अण्णा.

१५ एप्रिल, सोमवार

मुलं आली. आज नोंदीचा पहिला दिवस.

उमाकांत हुबळीचा, नकला करण्यात पटाईत. अर्ध्या तासात माझी चष्मा पुसायची लकब उचलली आणि मलाच करून दाखवली. जयतीर्थ धारवाडचा, सोवळ्यात वाढलेला. कांद्याचा वास आला की पान घेऊन व्हरांड्यात. नीरजा बेळगावची. घरच्यांशी आठ दिवस भांडून आलीय. तळ्यांचं गणित मुलींनाही येतं हे वडिलांना दाखवायचंय, म्हणते. तिची खाट अंबुबाईंच्या खोलीत. मला म्हणाली, अण्णा, तुमच्या चष्म्याच्या काचा काढून बुडवल्या तर तळं दोन इंच वर येईल.

कामाची रीत हयवदनरावांनी समजावली. पाण्यात खुणा केलेला खांब आहे. रोज दुपारी तीनला तिघांनी एकेकट्याने जाऊन आकडा वाचायचा, एकमेकांना न सांगता वहीत लिहायचा. काही अडचण आली तर चारपर्यंत चालतं. चारचे टोल पडले की त्या दिवशीची नोंद चुकली, असं लिहावं लागतं. ते एकदाही लिहावं लागलेलं नाही.

आज तिघांचे तीन आकडे आले, पाव-पाव इंचाच्या फरकाने. अक्षरंही तीन तऱ्हांची: उमाकांतची मुंग्यांची रांग, जयतीर्थाची ताडमाड, नीरजाची वाऱ्यावर कललेली. छान वाटलं. घर भरल्यासारखं.

२२ एप्रिल

जुन्या वह्या उघडल्या. स्वल्प बुचकळ्यात पडलोय.

पानाच्या डोक्यावर दर वर्षी वेगळ्या मुलांची नावं. पण खालची नोंद सगळी एका हाताची. १९१४, २३, ३९, गेल्या वर्षीची, सगळी! इंग्रजी सातच्या पोटात आडवी रेघ, चारचं तोंड उघडं, टाक उचलताना शेवटी बारीकसा वळसा. प्रत्येक वर्षीची पहिली आठ-दहा पानं तेवढी निरनिराळी, मग तोच हात. हे मला कुणी शिकवू नये. असल्या बाबतीत माझी चूक होत नाही.

हयवदनरावांना विचारलं. ते हसले. म्हणाले, ही तालीम आहे रघुजी. नोंदी सुरू करणारे नरसिंहराव म्हणायचे, वेगळा डोळा, वेगळा आकडा. मग नोंद कसली? वर्षानुवर्षं बघणारा एकच पाहिजे. नरसिंहराव १९१६ साली याच तळ्यात बुडून गेले. हंगाम अर्ध्यावर होता, पण नोंद एक दिवसही थांबली नाही. हे सांगताना त्यांचा चेहरा अभिमानाने फुलला होता.

मी सरी, बरं, म्हणून उठलो. पण जेवण गेलं नाही.

१ मे

पाव इंचाचा फरक गेला. सहा दिवस तिघांचे आकडे एकच. जयतीर्थाच्या सातला रेघ आली. उमाकांतच्या मुंग्या एका ओळीत उभ्या राहिल्या. नीरजाचं अक्षर अजून कललेलं आहे, पण थोडंच.

जेवताना तिघांनी एकदमच मीठ नको म्हटलं. अंबुबाई म्हणाल्या, काल चटणीवरून भांडत होतात ना रे, आज काय मुकाट्याने वैद्याकडे जाऊन आलात? कुणी हसलं नाही. जयतीर्थ कांद्याची कोशिंबीर शांतपणे खात होता. व्हरांड्यात गेला नाही.

७ मे

उमाकांतच्या आईचं कार्ड आलं. त्याला नाही, मला. लिहितात, मुलाचा हात दुखावलाय का? पत्र दुसऱ्याकडून का लिहवून घेतलं? मजकुरात आईला नमस्कारही नाही, फक्त हवा कोरडी आहे आणि पाणी उतरतंय.

त्याला जवळ बसवून विचारलं, बाळ, आईचं नाव काय? बराच वेळ लागला. सांगितलं शेवटी, पण कुणाच्या वहीतून वाचून दाखवावं तसं. म्हटलं, माझी नक्कल कर बघू. म्हणाला, मला नकला येत नाहीत.

तो गेल्यावर कोठीत जाऊन रडलो. अंबुबाईंनी पाहिलं.

१२ मे, रविवार

राजलक्ष्मीने जयनगरात नवं घर घेतलंय. तिथे जेवायला म्हणून मुलांना बळेच बसने घेऊन गेलो. तिथून एकला निघून तीनच्या आत परत यायचं, असं हयवदनरावांनी तीनदा बजावलं.

येताना अगराजवळ बस बंद पडली. तीन वाजून गेले. तिघांची बोटं मांडीवर चालायला लागली, लिहिल्यासारखी. सव्वातीन. साडेतीन. मग काय झालं ते जसंच्या तसं लिहितो. पावणेचारच्या सुमाराला नीरजाने मोठा श्वास घेतला, पाण्यातून डोकं वर काढल्यासारखा. इकडे तिकडे बघून म्हणाली, अण्णा, आज तारीख काय? उमाकांतने कंडक्टरची नक्कल केली, अख्खी बस हसली. जयतीर्थ रडवेला झाला, मी कांदा खाल्ला का हो? मी घाईघाईने नीरजाच्या हातात पेन्सिल दिली, तिकिटामागे नाव लिही म्हटलं. वाऱ्यावर कललेलं अक्षर! तिचं!

एवढ्यात समोरून जीप आली. हयवदनराव आत बसलेले. मल्लाप्पाने अशी हाणली, की चारला पाच मिनिटं असताना मुलं खांबापाशी होती. नोंद झाली. मुलं पुन्हा हरवली.

पण मला कळायचं ते कळलं. तो हात बुडालेल्या नरसिंहरावाचाच. त्याला दिवसाची एक नोंद लागते. ती मिळायला उशीर झाला की त्याची पकड सैल होते, चारपर्यंत मिळालीच नाही तर सुटेल.

१३ मे

हयवदनरावांशी तोंडावर भांडलो. मुलांना घरी पाठवा म्हटलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, मीही १९२१ साली या मुलांसारखाच आलो होतो. काही दुखत नाही रघुजी. डोकं शांत होतं. मुलं इथून शहाणी होऊन जातात.

म्हटलं, शहाणी नाही, रिकामी होऊन जातात. आईचं नाव आठवत नाही तुमच्या शहाण्याला!

त्यावर माझी आजची प्रत नाकाशी धरून म्हणाले, तुमचंही अक्षर सुधारतंय.

खोलीत येऊन ही रोजनिशी चाळली. तारखा बघितल्या. ७ मे. माझ्या मराठी सातच्या पोटातही रेघ.

मी ती ओढलेली नाही.

१४ मे

प्रत काढणं बंद. टाक तळ्यात फेकला. चाळीस वर्षं दुसऱ्यांचं लिखाण जुळवलं, पण बोटं माझी होती. फुकट नाही द्यायचो कुणाला.

मल्लाप्पाला गाठलं. अठरा वर्षं गप्प राहिलेला माणूस बोलला. म्हणाला, अण्णा, दर वर्षी आणतो तीन पोरं, पोचवतो एकच माणूस तीनदा.

उद्या मुलांना नेशील का, विचारलं. नोकरी जाईल म्हणाला. मग म्हणाला, जाऊ दे.

१५ मे, सकाळ

गेली! मुलं गेली. मल्लाप्पाने जीपमध्ये घातली, दुपारच्या हुबळीच्या गाडीत बसवणार. सकाळी तशी ती हाक मारील त्याच्यामागे जातात. अंबुबाई स्वतःहून निघाल्या. वाटभर तिघांना नावाने हाका मारत नेते म्हणाल्या, बघते कोण मध्ये येतो ते.

नीरजा पायरीवर थांबली. अण्णा, तुम्ही? म्हटलं, मागून येतो.

खोटं बोललो. हात त्याच्या ताब्यात जायला लागलेत. मी गाडीत चढलो तर माझ्याबरोबर तोही त्यांच्या डब्यात बसेल. तो माझ्याजवळच राहू दे. हयवदनरावांना खांब दिसत नाही. वाचणारे डोळे आता माझेच उरलेत. आज नोंद होऊ द्यायची नाही, बस.

१५ मे, पावणेतीन

ऑफिसात आहे. खिडक्या लावल्या. कंबर धोतराने खुर्चीला बांधलीय, गाठी मागे. माझ्यासारख्या जाड्या माणसाला सुटायला वेळ लागेल. हयवदनराव दार ठोठावतायत.

हात मोकळा राहिला तर त्याचा होईल. म्हणून लिहीत राहणार. माझं अक्षर. जोडाक्षरापाशी अडखळणारं, गबाळं, माझं.

तीन

टोल पडले. पाय उठले — मी नाही उठलो. खुर्चीसकट दोन पावलं गेले. गाठ धरून आहे.

सव्वातीन

हयवदनराव दाराबाहेर रडतायत. म्हणतात, नुसतं सांगा रघुजी, मी लिहितो. त्रेचाळीस उन्हाळे झाले, आता नाही तुटायचं — म्हातारा लहान मुलासारखा रडतोय. वाईट वाटतं. पण नाही सांगणार.

मी पाणी पाहिलेलंच नाही, म्हटलं. तरी आकडा आला. आपोआप, जिभेवर. थंड.

नाही लिहिणार.

साडेतीन

सहा फूट — खोडलं. पुन्हा सहा — खोडलं. कागद फाटला.

अरे बाबा नरसिंहराव, मेलास ना? मग मर की नीट! दुसऱ्याची पोरं कशाला —

कपड्यांतून पाणी गळतंय. माझ्या नाही. पाठीमागून कुणीतरी वाकलंय. मान वळवणार नाही.

राजलक्ष्मी. उमाकांत. नीरजा. जयतीर्थ. अंबुबाई. मल्लाप्पा. रघुजी. रघुजी. रघुजी. सगळ्यांची नावं वेगळी. वेगळ्या माणसांची —

पावणेचार

ओला हात माझ्या हातावर. जड. पेन्सिल त्याच्या बाजूला ओढतो, मी माझ्या. ही रेघ बघा, ही थरथर — ही माझी. अजून माझी.

पोरं आता गाडीत जागी झाली असतील. उमाकांत कुणाची तरी नक्कल —

चारला पाच कमी

सात लिहिला. रेघ ओढायला लावतोय. नाही ओढत. बघ. तुला बिनरेघेचा सात. घे! हा आणखी एक. घे! ७ ७ ७ सगळे मराठी —

बोट मोडलं. दुसऱ्या बोटांनी धरतो.

टोल. एक.

दोन. आकडा नाही लिहिला, ऐकतोस का, नाही —

तीन

चार. नोंद चुक