आधी ओ देणारा

सोमवार, ३ तारीख

मालकीणबाई, ही काय रीत झाली? माणसाला नर्सांच्या वसतिगृहावर कामाला बोलावता आणि दारात घ्यायला एक चिटपाखरू नाही! दोन पिशव्या आणि ट्रंक घेऊन जिन्याखाली ताटकळत उभी राहिले. तीनदा हाक मारली, अहो, कुणी आहे का, मी नवी देखरेखवाली, मला खोली दाखवा. घसा बसला. शेवटी वरून कुणीतरी ओ दिली. पुरुषाचा आवाज, अगदी सावकाश बोलणारा. चौथा मजला, शेवटची खोली, एक्केचाळीस नंबर तुमचा, म्हणाला. ये-जा मागच्या जिन्यानं आणि मागच्या दारानं करा, असंही म्हणाला. ट्रंकेला हात लावायला खाली काही उतरला नाही. तुमचा कारकून असणार. त्याला जरा समज द्या.

झाली तक्रार. खोली मात्र छान आहे, खोटं कशाला बोलू? ऊन येतं, पलंग करकरत नाही. मागच्या दाराबाहेर गल्ली आहे, तिथं एक दुकान. शटर अर्धं ओढलेलं, खालून हात येतो, दुधाची पिशवी देतो, तोंडातून शब्द नाही. बरंच आहे, नाहीतर दुकानदार म्हणजे डोकं खातात. माझ्या लेकीला इथल्याच इस्पितळात नोकरी लागलीय, रविवारी येतेय. दोघींना ही खोली पुरेल. पोरीबरोबर राहायचं म्हणूनच या वयात ही नोकरी धरली.

रोजचं वहीत लिहा म्हणालात, लिहिलं. चौथी शिकलेल्या बाईनं आणखी काय लिहायचं?

मंगळवार, ४ तारीख

आज वायरवाला येऊन शिकवून गेला. बरा माणूस आहे, मला मावशी म्हणतो. मी आधीच सांगितलं, बाबा रे, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, लहान पोराला सांगतात तसं सांग. मग कळलं.

जिन्याखालच्या कपाटात एक पेटी आहे. चाळीस खोल्यांतल्या चाळीस नर्सांच्या फोनना ती आपोआप नंबर देते. नंबर नाही तर इंटरनेट नाही. नवा फोन घरात आला की तो मनातल्या मनात ओरडतो, कुणी आहे का, मला नंबर द्या. पेटी ओ देते, नंबर देते, आणि बाहेर जायचं दार कुठलं तेही सांगते. फोन बिचारा भोळा. जो आधी ओ देईल त्याचंच ऐकतो. मी म्हटलं, म्हणजे घरात नव्या आलेल्या सुनेसारखं की! हसला मेला.

नंबर आठ दिवसांच्या मुदतीनं मिळतो. निम्मी मुदत झाली की फोन आपणहून विचारतो, राहू का? पेटी म्हणते, राहा. मी विचारलं, एकच नंबर दोघांना गेला तर? तो म्हणाला, मग भांडण मावशी, एकाला जावंच लागतं.

माझं काम एवढंच की रोज सकाळी पडद्यावरची यादी रजिस्टरशी ताडायची आणि सोडून गेलेल्यांची नावं काढायची. रेशनकार्डासारखंच आहे.

बुधवार, ५ तारीख

बारा नंबरची नर्स सकाळीच भांडायला आली. फोनवर नेटवर्क दिसतं पण आत काही येत नाही, म्हणे. बघितलं तर तिचा नंबर बेचाळीस. आपली पेटी चाळीसच्या पुढं देतच नाही. वायरवाल्याला विचारलं, तो म्हणाला, घरात दुसरी पेटी असणार, आपल्या आधी ओ देतेय, आणि दारही स्वतःचंच सांगत असेल, उद्या येऊन शोधतो. मग माझा फोन काढून बघितला.

एक्केचाळीस.

दुपारी कारकून आला. मी सोमवारचं तोंडसुख घ्यायला गेले, तर तो म्हणतो, मी शनिवारपासून रजेवर होतो, आजच आलो. देखरेखवालीची खोली खाली, पुढच्या दाराशेजारी. तिची किल्ली खिळ्याला तशीच लटकत होती, त्यानं बोटानं दाखवली. तुम्ही आलाच नाहीत असं वाटलं, म्हणाला. वर खोल्या चाळीसच आहेत.

मी हसून घेतलं. पण मग सोमवारी मला ओ कुणी दिली?

गुरुवार, ६ तारीख

वायरवाला हातात यंत्र घेऊन एकेक मजला चढला. जसं वर जावं तसं ते जास्त वाजायला लागलं. चौथ्या मजल्यावर शेवटच्या भिंतीशी तर थांबेचना. मी माझ्या दाराशी उभी, म्हटलं उघडते, आत बघून घे. तो भिंतीवर हात फिरवत मला विचारतो, कुठलं दार मावशी?

माझा हात कडीवर होता, बाई.

मागचा जिना विचारला. तो म्हणाला, मागचा जिना आणि मागचं दार विटांनी बुजवलंय, तो कामाला लागायच्या आधीपासून. मग त्यानं माझ्या हातातल्या दुधाच्या पिशवीकडे बघितलं. घाईनं सामान भरलं. जाताना एवढंच म्हणाला की या घरात मोठ्यानं हाक मारू नका, आणि नव्या माणसाला तर मुळीच मारू देऊ नका. पक्कड विसरून गेला. मागे वळून घ्यायलाही आला नाही.

शुक्रवार, ७ तारीख

सकाळी जिन्यात माझ्या तोंडातून आपोआप निघालं. राहू का?

वरून आवाज आला, राहा.

आज निम्मी मुदत.

त्यानंतर कारकून वर बघत नाही. टेबल बडवलं, त्याच्या कानाशी ओरडले, तो आपला सह्या करत बसला. खिळ्यावरची किल्ली पकडायला जाते तर बोटात येत नाही. पुढच्या दारानं बाहेर पडले, उंबरा ओलांडला — गल्लीतच आले. मागच्या गल्लीत. शटरखालून हात आला. दूध घेतलं नाही. हात तसाच राहिला, बाहेर, वाट बघत.

शनिवार, ८ तारीख

लेकीला फोन केला. येऊ नकोस म्हटलं. ती म्हणाली, हो आई, येते. पुन्हा केला. हो आई, येते. दहा वेळा तेच, तोच सूर, तोच श्वास. ती माझी पोर नाही. माझी पोर काही सांगितलं की एकदा तरी उलट बोलते, का गं म्हणून विचारते.

म्हणजे निरोप पोचलाच नाही, खरी येणारच.

एकच उपाय. ती हाक मारेल तेव्हा आधी ओ मी द्यायची. त्या वरच्याच्या आधी. पहाटेपासून पहिल्या पायरीवर बसते. आईपेक्षा आधी कोण ओ देतो बघू.

रविवार, ९ तारीख

आली. निळी बॅग. माझ्यापासून चार हातांवर उभी. कारकुनाची सुट्टी, खाली कुणी नाही. आई, ए आई, कुठली खोली गं?

मी ओ दिली. आधी दिली, बाई, शपथ. ती माझ्या आरपार वर बघत राहिली.

आणि वरून — माझा आवाज. माझाच, बसलेल्या घशाचा. वर ये गं, चौथा मजला, शेवटची खोली, एक्केचाळीस.

हसली. अगं हो, ओरडतेस काय, म्हणाली. चढली.

आता ती खोलीत आहे. माझ्या ट्रंकेवर बसलीय. मी समोर — हात धरते, धरला जात नाही. एका नंबरावर दोघी. एकीला जावं लागतं.

मी जाते. राहू का म्हणून विचारणार नाही, जीभ चावून धरीन. पण ती नको. खालच्या खोलीची किल्ली खिळ्यावर आहे, ती तिच्या हातात द्या, तुमच्या पेटीतून नंबर द्या, पुढचं दार दाखवा. कुणीतरी या आणि तिला तिच्या नावानं हाक मारा, त्याच्या आधी —

तो तिला सांगतोय. माझ्या आवाजात. दूध आण म्हणतोय, मागच्या —

उठली.

बाई, मंगळवारी माझी मुदत संपते, मग सांगायला मी नसेन. मंगळवारच्या आत मला उत्तर पाहिजे. मंगळवारच्या आत, नाहीतर ती त्याला राहू का म्हणून विचा