शैलेंद्रचे पाकीट, माझे पत्र

मी, दत्तात्रय माधव पागनीस, वय एक्कावन्न, माजी सैनिक, धंदा वकिली, राहणार टावर चौकामागची गल्ली, फ्रीगंज, उज्जैन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तिच्याबद्दल ज्यांना शंका आहे ते सगळे माझ्याविरुद्ध खटले हरलेले आहेत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. सोमवारी इंदूरला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. "कुछ नहीं होगा, वकील साहब," असे डॉक्टर तीनदा म्हणाले. एकदाच म्हणाले असते तर मी हे लिहायला बसलो नसतो.

१. दुसऱ्या मजल्यावरचे माझे घर स्वकष्टार्जित आहे. त्यात श्रीमती अनसूया घाटे, वय अठ्ठ्याहत्तर, यांना हयातभर राहण्याचा हक्क राहील. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. अकरा वर्षांपूर्वी माझी आई मंगला वारली, तेव्हापासून त्या माझ्याकडे राहतात. स्वयंपाकघराचा ताबा पूर्णपणे त्यांच्याकडे आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्या पश्चात घर माझी भाची आणि ज्युनिअर निहारिका हिला मिळावे. बँकेत जे असेल तेही तिलाच. या मृत्युपत्राची व्यवस्थापक तीच राहील. माझा चुलतभाऊ जयंत माझ्या तब्येतीची चौकशी करायला दोनदा आला, दोन्ही वेळा खिशात मोजपट्टी घेऊन. घेतलेली मापे त्याने स्वतःजवळ ठेवावीत.

२. कायद्याची पुस्तके आणि दोन्ही काळे कोट निहारिकाला. स्कूटर कोर्टाच्या आवारातले टायपिस्ट सुमीत यांना. माझा प्रत्येक अर्ज टाइप करताना ते माझी विशेषणे गाळत आले. मी जिंकलेल्या खटल्यांपैकी निम्मे त्यामुळे जिंकले.

३. दर वर्षी सव्वीस जुलैला, कारगिल विजय दिनी, मला कुठे ना कुठे बोलावतात, हार घालतात, "दो शब्द" बोला म्हणतात आणि तिसऱ्या शब्दाला माइक काढून घेतात. अशा कार्यक्रमांतून जमलेल्या सगळ्या शाली स्टेशनजवळच्या रैनबसेऱ्यात झोपणाऱ्यांना वाटाव्यात. एका वर्षी शाल संपली म्हणून भैरवगढची छापील चादर दिली होती. तेवढीच कामाची निघाली. ती अनसूयाकाकूंच्या पलंगावर आहे, तिथेच असू द्यावी. माझ्या डाव्या गुडघ्यातला लोखंडाचा तुकडा माझ्याबरोबर जाळावा. त्यावर भाषण करू नये.

४. आता ज्यासाठी हे सगळे लिहिले ते. माझ्या कपाटात आज दुपारपर्यंत एक पाकीट होते. ते माझे नाही.

कारगिलच्या वेळी आमच्या कंपनीत उज्जैनचे आम्ही दोघे होतो: मी आणि शैलेंद्र घाटे, अनसूयाकाकूंचा एकुलता मुलगा. त्याचे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी नगरकडून इथे आले आणि लवकर गेले. शैलेंद्र हिंदी शाळेत शिकला. मराठी बोलायचा झकास, लिहायचा भयंकर. हिंदीत लिहिले तर काकूंना पत्र परक्याचे वाटायचे. म्हणून तो सांगायचा आणि मी लिहायचो. चार वर्षे काकूंना मुलाची पत्रे माझ्या अक्षरात गेली.

चढाईआधी प्रत्येकाने घरी एक शेवटचे पत्र लिहून ठेवायचे आणि जो परत येईल त्याने आपले पत्र आपल्या हाताने फाडायचे, अशी आमच्याकडे रीत होती. मी कागद घेऊन शैलेंद्रजवळ बसलो.

"बोल, काय लिहू?"

"ही चिठ्ठी मीच लिहीन. तू नाक नको घालू, पागनीस."

"तुझं मराठी काकूंना कळायचं नाही."

"आई आहे यार माझी. समजून घेईल."

त्याने लिहिले. मीही माझ्या आईला लिहिले. दोन्ही पाकिटे मी आधी चिकटवली आणि मग वर पत्ते घातले. आमच्या सात पिढ्या शिंदे सरकारच्या दप्तरात लेखणी चालवत आल्या. आधी पत्ता, मग चिकटवणे, हा क्रम आमच्या घरातले शेंबडे पोरही चुकत नाही. मी चुकलो.

शैलेंद्र परत आला नाही. मी आलो, स्ट्रेचरवर, आणि खाली पोचताच काकूंच्या पत्त्याचे पाकीट टपालात द्यायला लावले. आपण फार मोठे कर्तव्य केले, असे मला तेव्हा वाटले होते. दोन महिन्यांनी इस्पितळात माझे पत्र फाडायला काढले. कोपरा फाटला आणि आतली पहिली ओळ दिसली: "आई, मी शैलू." मी तिथेच थांबलो. पुढचे वाचले नाही.

खरे सांगायचे म्हणून कुबडी टेकत काकूंच्या घरी गेलो. त्यांनी मला बसवले, पाणी दिले, आणि माझे पत्र मलाच तोंडपाठ म्हणून दाखवले. त्यात एक ओळ होती: "मला वकील व्हायचं होतं, तुला कधी बोललो नाही." अक्षर नेहमीचेच आणि खाली नावाऐवजी फक्त "तुझा मुलगा", त्यामुळे संशयाला जागा नव्हती.

"बघ," काकू म्हणाल्या, "माझ्या पोराने मनातलं मनात ठेवलं. आता तू हो वकील. त्याच्यासाठी."

मी हो म्हणालो. अशा रीतीने माझीच इच्छा मी मयत मित्राची म्हणून पूर्ण केली. एकोणीस वर्षे लोकांना साक्षीच्या पिंजऱ्यात उभे करून खरे बोलायला लावले आणि त्यातली अकरा वर्षे घरी येऊन काकूंच्या हातचे जेवलो. दर वर्षी शैलेंद्रच्या तिथीला काकू ते पत्र म्हणतात. मी समोर बसून ऐकतो.

या कलमाचा परवाचा मसुदा एका वाक्याचा होता: "माझ्या मृत्यूनंतर सदर पाकीट निहारिकाने श्रीमती घाटे यांच्या हाती द्यावे." निहारिकाने तो वाचला.

"मामा, हे टिकणार नाही."

"का?"

"पाकीट कुणाचं? काकूआजींचं. दुसऱ्याची वस्तू मृत्युपत्रात देता येत नाही, हे तुम्हीच मला पहिल्या आठवड्यात शिकवलंत." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि तुम्ही तर सुटाल. आजींच्या समोर उभी मैं रहूँगी. काय सांगू त्यांना? मामा घाबरत होते?"

मी रात्रीपर्यंत उलट आधार शोधला. कायद्यात सापडला नाही, दुसरीकडेही नाही. कलम चार रद्द.

५. सबब आज दुपारी चार वाजता पाकीट मालकिणीच्या हाती दिले आणि सगळे सांगितले. काकू मेथी निवडत होत्या. ऐकून झाल्यावरही निवडत राहिल्या.

"सव्वीस वर्षं?"

"हो."

"आणि मी म्हणायची तेव्हा समोर बसून ऐकायचास."

"हो."

"बेशरम."

मेथी संपली. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, चष्मा लावून कागद उघडला. बराच वेळ पाहिला आणि माझ्यापुढे धरला. "मला त्याचं अक्षर लागत नाही. तूच वाच."

मी वाचले. सहा ओळी होत्या. पाच काकूंच्या आहेत, त्या इथे उतरवण्याचा मला अधिकार नाही. सहावी माझ्याबद्दल आहे: "पागनीस आला तर त्याला जेवू घाल, तो मांगणार नाही."

"ते तर झालं," काकू म्हणाल्या, "न सांगताच झालं." मग कागदाची घडी घालत: "म्हणजे वकील तुला व्हायचं होतं."

"हो."

"मग शैलूला काय व्हायचं होतं रे?"

मला माहीत नव्हते. पत्रातही ते नव्हते. चार वर्षे त्याची पत्रे लिहिली, पण हे मी त्याला कधी विचारले नाही.

शेवटी मी रीतीप्रमाणे माझे पत्र फाडण्यासाठी परत मागितले. काकूंनी ते देव्हाऱ्यातून आणले, पण हातात दिले नाही.

"रीत तुझ्या पलटणीची. मला पाठ आहे ते. पाठ झालेलं कसं फाडशील?"

 

६. वर सांगितलेले पत्र मी माझ्या आईला लिहिले होते आणि माझ्याच चुकीने दुसऱ्या पत्त्यावर गेले. ते आजवर कायद्याने माझे आहे, म्हणून ते तरी मला देता येते. ते मी श्रीमती अनसूया घाटे यांना कायमचे देत आहे. यापुढे त्यावर कोणाचाही, माझाही, हक्क राहणार नाही. पत्राचा मायना "आई" असा आहे. तो बदलण्याची गरज नाही.

हे मृत्युपत्र मी वाचले, समजून घेतले आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत त्यावर सही केली. त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत आपल्या सह्या केल्या.

सही: दत्तात्रय माधव पागनीस

साक्षीदार १: ॲड. भय्यासाहेब मुंगी. सतरा वर्षे माझ्या विरुद्ध बाजूला उभे राहिले. माझ्या बाजूने खोटे बोलण्याची त्यांना सवय नाही. (सही)

साक्षीदार २: श्रीमती भार्गवी देव, निवृत्त बँक अधिकारी, राहणार खालचा मजला. (सही)

ठिकाण: फ्रीगंज, उज्जैन
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५