जुन्या नऊवरचा दगड

शिरूर,
पौष शुद्ध पंचमी (इंग्रजी तारीख पोस्टाचा शिक्का सांगेल)

प्रिय स्वप्नाली,

फोन वाजून वाजून गप्प होतो. पत्र दारात पडून राहतं आणि जाता-येता पायात येतं. म्हणून पत्र. अक्षर तेच आहे, फळ्यावर असायचं त्याहून थोडं बारीक, तेव्हा वाचता आलं नाही ही सबब चालणार नाही. नववीत चालली होती, कारण तेव्हा तू खरंच चष्मा विसरायचीस.

बाजाराच्या दिवशी तुझी आई घरी आली होती. पिशवी बाहेर ठेवून सगुणाबाई उंबऱ्यापाशीच बसल्या. आत या म्हटलं तर म्हणाल्या, "कुठल्या तोंडानं येऊ?" मी म्हटलं, आहे त्याच तोंडानं या, दुसरं आणायला पुन्हा घरी कवठ्याला जावं लागेल. त्या हसल्या नाहीत, रडायला लागल्या. "पोरगी जेवत न्हाई, बाई. कंपनीतनं फोन आला तवा म्हनली, नावच काढून टाका माजं. दिसभर भिंतीकडं तोंड करून पडती. कवा बोललीच तर एकच बोलती, सर माज्यामुळं गेले. तुमीच काय तरी सांगा तिला, तुमचं ऐकंल ती." तू माझं ऐकतेस हा तुझ्या आईचा जुना गैरसमज, तो मी दूर केला नाही. नवरा माझा गेला आणि समजूतही मीच घालायची, हे क्षणभर मला उफराटं वाटलं. मग चहा टाकताना लक्षात आलं, की ती दुसऱ्या कोणाला घालताच येणार नाही. सर तुझ्यामुळे गेले की नाही, एवढाच या पत्राचा विषय आहे. बाकीचं लांबण माझ्या स्वभावाचं समज.

जे घडलं ते एकदा सरळ लिहून काढते, कारण तालुक्यात त्याच्या चार आवृत्त्या फिरताहेत आणि एकीत तर सर स्वतःच टेम्पो चालवत होते. कार्तिकातल्या त्या दिवशी ते मोटरसायकलवरून वरवंडला निघाले, एक दगड बघायला. निवृत्तीनंतर माणसं देवदर्शनाला जातात. आमचे हे किलोमीटरच्या दगडांना भेटायला जात. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, की वरवंडच्या पुढे, हायवे रुंद झाला तेव्हा बाजूला पडलेल्या जुन्या रस्त्याच्या तुकड्यावर, नऊ नंबरचा एक दगड अजून उभा आहे. घडवलेला, आकडे कोरलेले. मी म्हटलं, दगड काही पळून जात नाही, जेवून जा. जेवले आणि गेले. दगड त्यांना सापडला असावा, कारण त्याच्याच शेजारी ते तुला सापडले.

उलट्या बाजूने आलेला टेम्पो धडक देऊन निघून गेला होता. तू वरवंडला खोली घेतल्याला महिनाही झाला नव्हता. दुसऱ्या पाळीला कुरकुंभला निघाली होतीस. तू सरांना ओळखलंस, स्कूटी टाकलीस, ओढणीने त्यांचं डोकं बांधलंस आणि फोन लावलास. पलीकडून विचारलं, वरवंडात नेमकं कुठे? तेव्हा कंपनीच्या सेफ्टीच्या तासाला शिकवलं होतं अगदी तसं तू केलंस. जवळचा किलोमीटरचा दगड वाचलास. एकसष्ट. रुग्णवाहिका एकसष्टला गेली. नव्या एकसष्टला, पार पाटसच्या पलीकडे, जिथे ऊस आणि हिरवी पाटी यांच्याशिवाय कोणी नव्हतं. मोबाइलवरून माणूस कुठे उभा आहे ते कळतं म्हणतात. कळायला हवं होतं. तिथून वळायला दुभाजक लवकर फुटेना, मग परत येऊन त्या जुन्या तुकड्यावर तुला शोधणं. यात जो वेळ गेला तो गेला.

एका रस्त्यावर दोन एकसष्ट कसे, हे तुला समजावायला नको. तुझ्या वर्गाने भूगोलाच्या तासाला सरांचं ते प्रवचन ऐकलेलं आहे, म्हणजे त्या वेळात झोप काढलेली आहे. वसतिगृहातून रविवारी तू आमच्याकडे जेवायला यायचीस तेव्हा पानावरही ऐकलेलं आहे. तू भात कालवत हो हो म्हणायचीस आणि मी स्वयंपाकघरातून "पुरे आता" म्हणायची. पूर्वी रस्ते नावाने ओळखले जात, नगर रस्ता, सोलापूर रस्ता. संस्कृतात रस्त्याला पंथा, अध्वा, वर्त्म, सरणी असे डझनभर शब्द आहेत, नंबर एकालाही नाही, आणि त्यावाचून कोणाचं काही अडल्याचं माझ्या वाचनात नाही, असं मी त्यांना टोचायची. मग सरकारने आकडे दिले. पुण्याहून सोलापूर, हैदराबाद करत थेट मछलीपट्टणच्या समुद्राला भिडणारा, तो नऊ. दगडाचं डोकं पिवळं असेल तर रस्ता देशाचा, हिरवं असेल तर राज्याचा. लग्नानंतर पहिल्यांदा एसटीने सोलापूरला निघालो तेव्हा हे खिडकीशी बसून एकेक दगड मोठ्याने वाचत होते. नवी नवरी म्हणून मी ते कौतुकाने ऐकलं. इंदापूर येईपर्यंत माझं नवेपण संपलं होतं.

२०१० साली सगळ्या देशाचे नंबर नव्याने मांडले. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम, दक्षिणोत्तर जाणाऱ्यांना सम, फाट्यांना तीन आकडी. नऊचा पासष्ट झाला. सरांनी सुतक पाळायचंच काय ते बाकी ठेवलं. पुढे आपल्या दारावरून जाणारा नगर रस्ता सातशे त्रेपन्न एफ झाला, तेव्हा घास हातात धरून म्हणाले, "हा रस्ता आहे की कैदी?" दरम्यान रस्ते रुंद झाले, वळणं सरळ झाली, गावं बाजूला पडली, अंतरं पुन्हा मोजली गेली आणि नवे दगड लागले. जुने काढायचे होते. बहुतेक काढले.

आता रुग्णवाहिकेला उशीर का झाला, त्या चौकशीचं. तिथे म्हणणं असं पडलं, की फोन करणारीने जागा चुकीची सांगितली, कारण वरवंडपाशी एकसष्टचा दगडच नाही. आणि खरंच नव्हता. तेरावं झाल्यावर मी स्वतः जाऊन आले, तर त्या जागी मुरूम टाकून बुजवलेला ताजा खड्डा. कोणी काढला, कधी काढला, कोणाला ठाऊक नाही. चहाच्या टपरीवरचा एकजण मला म्हणाला, "पोरगी भ्याली आसंल, मावशी. भ्यालेलं मानूस काय बी वाचतं." या सगळ्यावर तू हूं की चूं केलं नाहीस. चूक नसताना वर्ग डोक्यावर घेणारी तू. मला ते खटकलं होतं, पण तेव्हा माझंही डोकं जागेवर नव्हतं.

मागच्या पंधरवड्यात पुन्हा गेले. शिरूरहून न्हावरे, न्हावऱ्याहून चौफुला, पुढे वडापच्या जीपने, दोन बोकडांच्या मधे बसून. त्या जुन्या रस्त्याला लागून हरिबा म्हणून एका म्हाताऱ्याची वस्ती आहे. वडिलांपर्यंत मेंढरं होती, आता कांदा आणि ऊस. त्यांच्या बांधावरच्या लिंबाखाली एक देव दिसला. गोल डोक्याचा, शेंदराने माखलेला, पुढे नारळाची शकलं. मी विचारलं, आबा, हे कोणतं दैवत? "वाटंचा देव हाय, बाई. पल्याड नालीत उलथा पडलेला गावला. द्येव काय आसा टाकत्यात व्हय? त्या वळणानं लई मानसं खाल्ली, दिवाळीमागं एक मास्तर गेलं. म्हनलं, बसवू हितं, जागा तरी निवंल." ते मास्तर माझे, हे सांगितल्यावर म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाला, "मंग तर ह्यो तुमचाच द्येव, बाई."

मी म्हटलं, आबा, जरासा शेंदूर खरवडू द्या, खाली आकडा असेल, एका पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे. "आकडा आसंल की. पन खरवडायचं न्हाई. तुमच्या अंगाची साल काढली तर चालंल का तुमाला?" युक्तिवादात खोट काढता येईना. मग मी तेल-शेंदूर मागितला आणि पदर खोचून रीतसर लेप द्यायला बसले. लेप देणाऱ्या बाईची बोटं कुठे फिरतात, हे कोणी विचारत नाही. कोरलेलं आहे, स्वप्नाली. सहा, शेजारी एक. वर एकटा नऊ. माझी बोटं त्या नऊवरून जरा जास्त वेळ फिरली. हरिबांना ती भक्ती वाटली असावी. त्यांनी आत जाऊन मला पाणी आणून दिलं.

चौकशीच्या साहेबांनाही मी तिथे नेलं. त्यांनी बूट काढले, हात जोडले, खिशातून दहाची नोट काढून ठेवली. म्हटलं, साहेब, नमस्कार राहू द्या, हात लावून बघा. "नको मॅडम, सकाळी अंडी खाणं झालंय आमचं, देवाला हात कसा लावू?" पुरावाच देव झाला तर त्याची साक्ष कशी काढायची, हे न्यायशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या शास्त्रीबुवांनी सांगितलं नव्हतं. पण साहेब माणूस बरा. शेवटी डोळे मिटून दोन बोटं लावली, आणि दगड जुनाच आहे, आकडाही तोच आहे, असं त्यांनी लिहून घेतलं. तुझ्यावरचा ठपका निघेल.

हे सगळं मी फोनवर तुझ्या आईला सांगितलं. त्यांनी धावत आत येऊन तुला सांगितलं. तू कूस बदललीस आणि म्हणालीस, "माहितीये मला." हे त्यांनीच मला कळवलं, रडत. डॉक्टरांचं बोलणंही तुझ्यापासून लपवत नाही, कारण खोट्या धीराने कोणी उठून जेवायला बसत नाही. "थोडं आधी आले असते तर," एवढं म्हणून डॉक्टर थांबले. संस्कृतच्या बाईला अर्ध्या वाक्यातली पदं भरायची सवय असते. मी भरली. ते वाचले असते.

त्या "माहितीये मला"पाशी मी आठवडाभर अडकले आहे. दगड बरोबर वाचल्याचं तुला पहिल्यापासून माहीत होतं, तर भिंतीकडे तोंड कशासाठी? प्रत्यक्ष पाहिलं, लोकांचे शब्द ऐकले, आता माझ्यापाशी अनुमान तेवढं उरलं आहे. पोलिसांना तू सांगितलंस, की सर शुद्धीवर होते, सारखं काहीतरी बोलत होते. त्या दगडासाठी एवढ्या लांब आलेला माणूस फोनवर तुझ्या तोंडून "एकसष्ट" ऐकतो आणि गप्प राहतो, हे त्याच्याबरोबर तीस वर्षं काढलेल्या बाईला कोणी पटवू शकणार नाही. त्यांनी तुला सांगितलं. हा एकसष्ट जुना आहे, नऊचा आहे, नवा वेगळा. आणि तुला वाटलं, सरांचं नेहमीचं सुरू झालं. तू म्हणालीस, बोलू नका सर, दम लागेल. रक्त दाबून धरून, मायेने, तू त्यांना गप्प केलंस. आणि रुग्णवाहिका येईना तेव्हा तुला उमगलं. असंच झालं ना? तुझ्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, एवढ्या मायेने केलं नसतं इतकंच. अनुमान चुकलं असेल तर येऊन खोडून काढ. चुकलं नसेल तरी ये. माफी द्यायला बोलावत नाही, तशी ती मागण्यासारखं तू काही केलेलं नाहीस. पण त्यांचं शेवटचं बोलणं ऐकलेली तू एकटी आहेस, आणि ते तू भिंतीला ऐकवते आहेस. मला ऐकव. दगडाचं, नंबरांचं, जे बोलले ते, जसं बोलले तसं. मी मधे थांबवणार नाही. या वेळी मला शेवटपर्यंत ऐकायचं आहे.

तुझीच,
सुलक्षणाबाई