बँडच्या आवाजात शेखर काय म्हणाला

प्रिय तेजू,

पाकीट बघून घाबरू नकोस, इथे आम्ही दोघं बरे आहोत. फोनवर मला ऐकू येत नाही आणि व्हॉट्सॲपवर एवढं सगळं टाइप करायचं म्हणजे बोटांचं काही खरं नाही, म्हणून कागद घेतला. मनमाडला माहेरी जाताना तू मला ज्या कामाला लावून गेलीस, ते काल झालं. लग्न लागल्यावर कार्यालयाच्या दारातून बाहेर पडताना शेखर तुझ्याकडे वाकून काहीतरी म्हणाला होता. बँडच्या दणदणाटात तुला ते ऐकू आलं नाही, तू नुसती हसलीस. पुढे कितीदा विचारलंस, तर 'सांगेन कधीतरी' म्हणून तो चिडवत राहिला, आणि मग सिन्नरच्या रस्त्यावरच्या त्या अपघातात तो गेला. 'आई, तुम्हाला ओठ वाचता येतात, व्हिडिओ बघून मला तेवढं सांगा, मग मी योगेशच्या घरच्यांना लग्नाचं काय ते उत्तर देते,' असं तू माझ्यासमोर उभी राहून म्हणालीस, तेव्हा मी आपली हो म्हणून बसले. म्हटलं, त्यात काय, टीव्ही लावायचा आणि बघायचं.

कसलं काय! त्या दीडशहाण्या व्हिडिओवाल्याने सगळ्यावर गाणं घातलंय, त्याचं मला सोयरसुतक नाही, पण मोबाइलवर शेखरचे ओठ म्हणजे नुसता गुलाबी डाग दिसतो. खरा फोर-के व्हिडिओ पेन ड्राइव्हमध्ये होता. तो टीव्हीला लावला, तर टीव्ही म्हणतो ही फाइल चालत नाही. शेखरचा मित्र दिनेश म्हणाला, काकू, टीव्हीला जोडायचा एक स्ट्रीमिंग बॉक्स घ्या, त्यातून चालेल. मी कपाटातून पैसे काढेपर्यंत तुझे सासरे बाजारात जाऊन एक डबा घेऊनही आले. खोक्यावर मोठ्या अक्षरात फोर-के लिहिलेलं. लावला तर चित्र तसंच धुरकट. दिनेशने तपासलं, तर तो डबा साधंच चित्र ताणून मोठं करत होता. यांचं आपलं एकच, 'वर लिवलंय ना, मग हाय ते.' भांडले मी चांगली. पण खरं सांगू, त्यांना तो व्हिडिओ चालायलाच नको होता. टीव्ही लागला की ते गॅलरीत जाऊन उभे राहायचे.

दुसऱ्या वेळी मी स्वतः दिनेशबरोबर गेले. त्याचं म्हणणं, खोक्यावरचं वाचत बसायचं नाही, आपलाच व्हिडिओ दुकानात चालवून बघायचा. दुकानदाराने पेन ड्राइव्ह लावला आणि भिंतीएवढ्या टीव्हीवर तुम्ही दोघं उभे. तुझी हिरवी शाल, त्याचा वाकडा फेटा, सगळं लख्ख. गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. शेजारची एक बाई माझ्याकडे वळून म्हणाली, 'तुमचा मुलगा का? छान जोडा आहे हो.' तिचे ओठ मी नीट वाचले. मी म्हटलं, हो, माझाच. तेवढंच म्हटलं. येताना रिक्षात डबा मांडीवर घेऊन रडले, दिनेश बिचारा बाहेर बघत राहिला.

घरी आणून लावला, तर पुन्हा धुरकट! मला वाटलं फेकून द्यावा. मग दिनेशच्या लक्षात आलं, वायर जुन्या सेट-टॉप बॉक्सचीच होती, तिला एवढं चित्र झेपत नव्हतं. नवी वायर आणली, तर पडदा मध्येच काळा व्हायला लागला. मग टीव्हीच्या मागे दुसऱ्या खाचेत ती लावली, तेव्हा कुठे चित्र टिकलं. पण तेजू, तरी ओठ चुकत होते. ते मलाच कळलं, दिनेशला नाही. माणूस बोलताना तोंड असं लोण्यासारखं घसरत नाही. चित्र गुळगुळीत दिसावं म्हणून टीव्ही स्वतःच्या मनाने मधली मधली चित्रं बनवून घालत होता. दिनेशने ती सोय शोधून बंद केली, आणि मला माझा शेखर दिसला. दाढी करताना हनुवटीला कापलेलंसुद्धा दिसलं.

दिनेशला घरी पाठवलं. दुपारची वेळ होती. मी ते दोन क्षण हळू करून पुन्हा पुन्हा बघितले. बऱ्याच वेळाने बघते तर हे मागे येऊन उभे. शेखर गेल्यापासून पहिल्यांदा त्यांनी त्याला हलताना बघितलं. मला खांद्याला धरून विचारलं, काय म्हणतोय तो?

तो म्हणतोय, 'बूट लय चावतायत गं. गाडीत बसलो की काढतो, हसू नको.' एवढंच. मी शंका नको म्हणून त्याचे पाय बघितले, तर उजवा पाय उचलून झटकतोय. ते ऐकून हे आधी हसले, आणि मग तिथेच खाली बसून लहान पोरासारखे रडायला लागले. ते बूट त्यांनीच घ्यायला लावले होते, पोरगा घट्ट होतात म्हणत होता तरी.

आता तुला खरं सांगते. तू इथे असलीस की तो थोडा घरात असल्यासारखा वाटायचा, म्हणून तू कुठेच जाऊ नयेस असं मला वाटत होतं. काल संध्याकाळभर मी एक वाक्य जुळवत होते, तुला आयुष्यभर पुरेल असं, शेखरच्या तोंडी शोभेल असं, की तू ते धरून इथेच राहशील. तुला ते खरं वाटलं असतं, कारण माझ्याशिवाय ते कुणाला वाचता येणार होतं? पण त्याच्या तोंडात मी माझे शब्द घालणार नाही. तो तुझ्याजवळ काही मागून गेलेला नाही गं, काही सांगूनही ठेवलेलं नाही. त्याला वाटलं होतं, पुढे खूप दिवस आहेत. त्याच्याकडून तुला अडवणारं काही नाही, आणि माझ्याकडूनही नाही, हे सांगायला हे पत्र. योगेशला हो म्हण. आणि तुमच्या लग्नाच्या दिवशी कार्यालयाच्या दारात योगेश तुला काही म्हणाला, तर लाजू नकोस, नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांग म्हण.

तुझीच,
आई