खांबावरची वाक्यं

१४ जून

चि. चिमीस,
ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी चुकीचं ऐकते, म्हणून पत्रच बरं. तुझी मालिका रोज बघते. हे गेल्यापासून संध्याकाळी दिवा लावावासाही वाटत नव्हता. आता मालिकेची वेळ झाली की खालची लॉन्ड्रीवाली वर येते आणि आम्ही दोघी राजवाड्यात जाऊन बसतो. ती तुझ्यावर खार खाऊन आहे. राजपुत्राचं त्या फुलवालीशी लग्न झालं तर या म्हातारीचं काय जातं, असं म्हणते. म्हातारी माझी सख्खी बहीण आहे हे माहीत असूनही म्हणते. मी तिला सांगितलं की आमच्या घरातली राजेशाही एवढीच, की दोघींना मिळून एक उशी होती आणि ती कायम चिमीच्या डोक्याखाली असायची.

पुस्तकांतल्या राण्या मी बऱ्याच वाचल्या, पण हातात मोबाइल घेऊन तोऱ्यात जिना उतरणारी तूच पहिली. शोभतेस. फक्त एक विचारते. बोलताना तू राजपुत्राच्या डोळ्यांत बघत नाहीस, त्याच्या कानामागे बघतेस. नाटकात तू असं कधी करत नव्हतीस. चष्म्याचा नंबर वाढला आहे का?

माया आहे तेवढी राहू दे, आणि उत्तराला आळस करू नकोस.

तुझी,
ताई


२६ जून

ती. ताईस,
चिमीचा सा. न. वि. वि.

नंबर वाढलेला नाही. राजपुत्राच्या मागच्या खांबावर माझी वाक्यं मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलेली असतात. मीच मेकअपवाल्या बाईला हाताशी धरून ते करवून घेते. वाक्यं राहत नाहीत गं. सकाळी पाठ केलेलं तोंडाला पावडर लागेपर्यंत निघून जातं. डॉक्टर म्हणाले, हे आता वाढतच जाणार. गोळ्या दिल्या आहेत. त्या घेण्याची आठवण करायलाही त्याच बाईला सांगून ठेवलं आहे.

परवा तर कहर झाला. मला राजपुत्राच्या लग्नाला नकार द्यायचा होता. सगळी मालिका त्या नकारावर उभी आहे. मी हो म्हटलं तर सगळ्यांनी घरी जायचं. फुलवाली समोर रडत उभी, खांबावरचा कागद सुटून खाली पडलेला, आणि मला आठवेना की मी या पोरीवर का रागावले आहे. मनात कारण शोधलं, सापडेना. मग तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, करा लग्न, सुखी व्हा. दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसला. बाकीच्यांना वाटलं, राजमाता गंमत करतायत. मीही हसले.

खरं कळलं तर ते दुसरी राजमाता आणतील. जन्मभर दासी आणि शेजारणी केल्यावर मिळालेलं हे काम आहे, ताई. इथे निदान लोकांनी मला कोण म्हणून हाक मारायची ते ठरलेलं आहे. खोलीवर एकटी बसले तर तेही जाईल.

रागावलीस तरी माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझी,
चिमी


३ जुलै

चि. चिमीस,
ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचलं आणि भांडी घासायला बसले. रडू आलं की मी भांडी घासते. सध्या घर लखलखतं आहे. लॉन्ड्रीवाली विचारत होती, राजपुत्राचं पुढे काय होणार ते चिमीने कळवलं का. म्हटलं, तिलाच माहीत नाही.

गोड बोलणं मला जमत नाही, ते यांचं काम होतं. दिग्दर्शकाला तू स्वतः सांग. रोज पडलेला कागद उचलायला कोणी येणार नाही, आणि चारचौघांत फजिती झालेली मला टीव्हीवर बघवणार नाही. काढून टाकलं तर इकडे ये. जागा आहे, पुस्तकं आहेत. मी वाचून दाखवीन. तू विसरलीस की तेच पुस्तक पुन्हा नवं, तेवढ्याच माझ्या वाचनालयाच्या खेपा वाचतील.

मी रागावलेली नाही. तूही माझ्यावर लोभ धरून राहा.

तुझी,
ताई


२० ऑगस्ट

ती. ताईस व ती. भावजींस,
सा. न. वि. वि.

मी सांगितलं. दिग्दर्शक चांगला मुलगा आहे. त्याने लेखकांना बसवलं आणि मला अर्धांगवायू दिला. घाबरू नका, मालिकेत. आता मी दिवसभर रेशमी चादरीत पडून असते. सगळे येऊन माझ्याशी बोलतात, मला काही बोलायचं नसतं. एवढा मान जन्मात मिळाला नव्हता. फुलवाली तर दिवे बंद झाल्यावरही उशाशी बसून राहते. मुलगी गुणी आहे, तिला उगाच नाही म्हटलं. राजपुत्र कामात असतो. राज्य चालवणं सोपं नाही.

भावजींचा खोकला कसा आहे? इथल्या डॉक्टरांना दाखवायचं असेल तर मी शब्द टाकते.

दिग्दर्शक चांगला मुलगा आहे. त्याने मला अर्धांगवायू दिला.

दोघांनी लोभ ठेवावा.

राजमाता


१ सप्टेंबर

चि. चिमीस,
आम्हा दोघांचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

यांचा खोकला थांबला आहे. तू विचारलंस ते त्यांना सांगितलं.

काल लग्न बघितलं. तुझ्या पलंगापाशीच लावलं. राजपुत्राने तुझा हात उचलून फुलवालीच्या डोक्यावर ठेवला आणि तोच होकार धरला. लॉन्ड्रीवाली ढसाढसा रडली, म्हातारीला सगळं माफ केलं म्हणाली. मी तुझ्या डोळ्यांकडे बघत होते. ते आता कोणाच्या कानामागे जात नव्हते. कुठेच जात नव्हते.

आज दिग्दर्शकाचा फोन आला. लॉन्ड्रीवालीने घेतला आणि एकेक वाक्य माझ्या कानात ओरडून सांगितलं. अर्ध्यावर तिचाच आवाज बसला. राजमातेचं काम संपलं म्हणाला. राजवाडा मोडून तिथे दुसऱ्या मालिकेचं हॉस्पिटल उभं करायचं आहे. माणसं आली तेव्हा तू पलंगावरून उठली नाहीस. आमच्या परवानगीशिवाय भिंतींना हात लावायचा नाही, असं त्यांना बजावलंस. एक शब्द अडखळला नाही, असं त्याने दोनदा सांगितलं. सांगताना तोही रडत होता, असं लॉन्ड्रीवालीचं म्हणणं.

मी निरोप दिला की भिंती उद्यापर्यंत राहू द्या, मी पहिल्या गाडीने येते. या पत्राचा फोटो लॉन्ड्रीवाली आत्ताच तिकडे पाठवेल आणि फुलवाली तुला वाचून दाखवेल. तिचं ऐक.

मी आले की आत सोडायला सांग. ओळखलंस तर बरंच. नाही ओळखलंस तर राजवाड्यात नवी बाई कामाला आली असं समज, आणि काय काय करायचं ते मला सांगत जा. पाय चेपायचे असतील, केस विंचरायचे असतील, मी करीन. मग आपण दोघी हळूहळू बाहेर पडू.

कोणत्या का नात्याने होईना, लोभ असू दे.

ताई