आमच्या दारची रेती

कोळीवाडा, मोरा
१८ जुलै

ती. शांतीताईस,
हौसाचा सा. न. वि. वि. फोनवर तू अर्धं ऐकूनच वरडतेस, म्हणून दादूच्या मासळीच्या पाटीतनं पत्र धाडतेय. वास आला तर नाक धर, पण सगळं वाच.

दगडी बांध लाटांनी खालून पोखरून पाडला, म्हणून मे महिन्यात सरकारनं खाडीतली रेती पाईपानं आणून आपल्या दारापुढं पसरली. साहेब बोलला, लाट रेतीवर चढता चढता दमते, घरापर्यंत येत नाय. खरं निघालं. जूनची उधाणं आली न् गेली, आयची खाट कोरडी.

आता ती रेतीच चोर नेतायत. पहाटे ट्रॅक्टर, तोंडाला फडकी. आमी बायकांनी वल्ही काढलीत. सापडेल त्याची हाडं मोडीन. आपल्या हरेशला सांग, बिल्डरांना रेती-खडी पुरवायचं चार दिवस सोड आणि बहिणीसंगं उभा रहा.

माया आटू देऊ नको.
तुझी हौसा

सुकापूर
२४ जुलै

चि. हौसास,
अ. आ. मारकुट्या बाईला आशीर्वाद कशाला, तरी देते.

हरेश यायचा नाय. सोमवारी विचुंब्याला कामावर शिडीवरनं पडला बोलतो. उजवा हात दोन जागी मोडला, कानामागं टाके. घास मी भरवते.

दादू सांगत होता, सोमवारीच पहाटे तुमी एकाला रगत येईस्तोवर हाणलं. कोण होता तो? सरळ लिही. हरेशला विचारलं तर भिंतीकडं तोंड फिरवतो. आयला माझ्याकडं आण, इथं समुद्र येत नाय.

रागावलीस तरी लोभ ठेव.
तुझी ताई

मोरा
२८ जुलै

ती. ताईस,
सा. न. तुला कळलंय, तरी माझ्याच हातनं लिहून पायजे, तर घे.

ट्रॅक्टर आपल्याच दारापुढं होता. माणूस उभा मावेल एवढा खड्डा केलेला. मी पहिलं वल्हं कानामागं घातलं, फडकं सुटलं. हरेश. हौसाताय मी हाय, असं बोलला. त्यानंतर हातावर मारलं. दोनदा. ओळखून मारलं, ताई. परका असता तर एकातच सोडला असता.

अवसेच्या उधाणाला पाणी त्याच खड्ड्यातनं घुसलं. चुलीकडची भिंत आयच्या अंगावर पडली. विटा उपसताना माझी नखं गेली. आय जिती हाय, कंबर मोडलीय. डॉक्टर बोलला खाटेवरनं हलवायचं नाय, तर तुझ्याकडं कशी आणू? डोळे उघडले की हरेशला विचारते. पुनवेच्या आत खड्डा भरला नाय तर खाटेसकट जाईल.

राखी आणून ठेवलीय. बांधू का जाळू, त्यालाच विचार.
हौसा

सुकापूर
१ ऑगस्ट

चि. हौसास,
आशीर्वाद.

तुझं पत्र हरेशला मोठ्यानं वाचून दाखवलं. आयचं आलं तसा रडायला लागला. मी रडू दिलं नाय. हातात झारा होता, तोच तोंडावर हाणला, ओठ फुटला. अर्धी रेती त्यानं बिल्डरांच्या भिंतींत घातलीय. उरलेला ढीग शिंपल्यांसकट विचुंब्याला पडून हाय. आज दिवसभर डाव्या हातानं फावडं मारून त्यानंच ट्रॅक्टर भरला, घमेली मी उचलली. उद्या येतोय. पुनवेपर्यंत खेपा करील, नाय केल्या तर झारा हायच.

खड्डा भरेस्तोवर त्याला पाणीसुद्धा विचारू नको. पण डाव्या हाताला मारू नको. काम त्यालाच करायचंय, न् राखी त्यालाच बांधायचीय.

आयला सांग, हरेश निघालाय.
तुझी ताई